दोन धारांची तसबीर

विहिरीच्या पायरीवरून इतक्या बायका घसरून पडतात, हे मला नळदुर्गाकडं नोकरीला आल्यावर कळलं. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या तरी पडायच्या. कुणी सांगे चिंचेवरून पडले, कुणी सांगे म्हशीनं लाथ मारली. अंगात फणफणून ताप, ओठ कोरडे, लुगड्याचा पदर पोटाशी गच्च धरलेला, आणि बाई आत शिरल्याबरोबर खोलीभर पसरणारा तो वास. मी काही विचारत नसे. स्टोव्ह पेटवायचा, सामान उकळायला ठेवायचं आणि म्हणायचं, "म्हशीला मी नंतर बोलते. तू आधी आडवी हो."

संपादकांनी नर्सच्या नोकरीतले गमतीचे प्रसंग लिहा म्हणून सुचवलं आहे. गमतीचा म्हणाल तर हा म्हशीचा. पुढचं गमतीचं नाही. अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी ही पानं उलटली तरी माझा राग नाही.

मी नगरकडची, कॅथलिक ख्रिस्ती. निजामाचं राज्य गेल्यावर थोड्याच दिवसांत मिशननं नळदुर्ग आणि जळकोटच्या मधे, हैदराबादच्या सडकेला लागून, दोन खोल्यांचा दवाखाना काढला आणि मला तिथं नेमलं. डॉक्टर सोलापूरला. इथं मी आणि कोंडाबाई नावाची आया. कोंडाबाई हिंदू, गावातलीच, तोंडानं तिखट आणि हातानं स्वच्छ. या कामाला मला तशीच बाई हवी होती. महिन्यातून एकदा एस.टी.नं फादर यायचे. त्या दिवशी बाहेरच्या खोलीतली बाकं फिरवली की तिचंच देऊळ व्हायचं. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाली की बाकं परत भिंतीला आणि पेशंट परत बाकांवर.

माझं काम बाळंतपणाचं. गर्भ पाडून घेतलेल्या बायका हा त्याच कामाचा दुसरा भाग होता, पण तो ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवला नव्हता. कायद्यानं गुन्हा, म्हणून जे व्हायचं ते लपून, आणि मळक्या हातांनी. काय करायच्या ते इथं लिहीत नाही. माझ्याकडं यायच्या त्या विष रक्तात भिनल्यावर. रक्त जात असेल तर खाटेचे पायथ्याकडचे खूर विटांवर चढवायचे. पेनिसिलिन असेल तर टोचायचं. नसेल तर सडकेवर उभं राहून सोलापूरकडं जाणारा ट्रक अडवायचा.

एकदा एका ड्रायव्हरनं सांगितलं, "बाई, गाडीत कांदा हाय."

"मग कांद्यावर झोपवते."

निजामाच्या वेळचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका तेव्हा अजून सडकेवर होता. तिथल्या शिपायानं कंदील वर केला. "मालात काय हाय?"

"कांदा."

"आन ही?"

"बाळंतीण."

"ल्येकरू कुटंय मंग?"

"मागून येतंय," मी म्हटलं. त्यानं सडकेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दांडकं वर केलं. ती बाई सोलापूरला पोचली. परतही आली. सगळ्या येत नसत.

ज्या जगायच्या त्यांचं पुढं काय करायचं, हा प्रश्न मला सगुणानं घातला.

सगुणा आमच्या ख्रिस्ती वस्तीतली. नवरा याकोब सडकेच्या गँगवर, खडी टाकायच्या कामाला. घरात सासू आणि मुली. धाकटीच्या वेळी सगुणाचं इतकं रक्त गेलं होतं की सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिवस राहू देऊ नका, बाई वाचायची नाही. मी याकोबाला बोलावून समोर उभं केलं आणि तेच सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"ला किती अर्थ होता ते वर्षभरात कळलं. सगुणाला पुन्हा दिवस गेले. सासू तिला पलीकडच्या गावच्या एका म्हातारीकडं घेऊन गेली. मग माझ्याकडं आणलं, ते नेहमीच्याच अवस्थेत. सासू म्हणाली, "इहिरीवर पाय घसरला."

त्या वेळी पेनिसिलिन होतं. सगुणा जगली.

ताप उतरला तसं तिनं बोलायला सुरुवात केली. पोटाचं नाही, औषधाचं नाही. "बाई, त्येच्या डोईला पाणी लागलं न्हाय."

आमच्यात मूल जन्मलं की डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात. मूल दगावतंय असं दिसलं तर फादरांची वाट न पाहता नर्सनंही द्यायचा, तशी मुभा आहे. तिचं जे गेलं त्याला डोकं असं काही नव्हतं.

"पाणी न्हाय, नाव न्हाय. मंग त्ये ऱ्हाईल कुटं?"

"ते मला माहीत नाही. तू पेज पी."

ती पेज प्यायली. आणि खाटेसमोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

त्या भिंतीवर येशूची एक तसबीर होती. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती आणि मी तिथल्या दवाखान्यात कामाला होते. तिथल्या एका पोलिश बाईनं मायदेशातून सगळं टाकून येताना हे चित्र तेवढं आणलं होतं. मी तिची शुश्रूषा केली म्हणून जाताना ते मला दिलं. पांढऱ्या झग्यातला येशू, एक हात आशीर्वादाला उचललेला, दुसरा छातीशी, आणि छातीतून दोन झोत निघालेले, एक लाल, एक फिकट. खाली पोलिश अक्षरं. त्यांचा अर्थ तिनं खुणांनी आणि मोडक्या शब्दांत समजावला होता: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. दयाळू येशूची ही भक्ती, असं ती म्हणे. माळेचे मणी ओढत "आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं. मला ते पटलं, कारण त्यात पाठांतर कमी होतं.

"बाई," सगुणानं विचारलं, "ह्यो कुटला येसू? आपल्या येसूच्या छातीवर काळीज असतंय. ह्येच्यातनं तर धारा लागल्यात."

"पोलंडमधून आलाय."

"येक लाल, येक पांडरी."

"रक्त आणि पाणी. क्रुसावर भाला मारला तेव्हा निघालं ते."

तिनं चादरीवर बोटानं दोन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "मंग ह्येची बी पाणमोट फुटली म्हनायची."

पाणमोट म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी. ती फुटली की आम्ही बाळंतपण सुरू झालं असं समजतो. मी इतकी वर्षं त्या तसबिरीखाली पाणी आणि रक्त पुसत होते आणि माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "फादरांपुढं असं बोलू नकोस."

सगुणा बरी होऊन घरी गेली, पण रोज येऊ लागली. झाडून काढायची, बाकं पुसायची आणि तसबिरीसमोर माळ घेऊन बसायची. तिनं कुणाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण काही दिवसांनी विहिरीवरून पडलेल्या जुन्या बायका बऱ्या असतानाही यायला लागल्या. ख्रिस्ती होत्या, हिंदू होत्या, वेशीजवळची एक मुसलमान बाईही होती. तसबिरीला त्यांनी नाव पाडलं होतं, दोन धारांचा देव. कुणी काचेला हळदकुंकू लावून जाई. ते मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत असे. एकदा शेजारच्या गावच्या पाटलांची सून झाकलेल्या छकड्यातून आली.

"डोस्कं दुखतंय, बाई."

"त्यावर गोळी आहे."

"गोळी नगं. घडीभर हितं बसू द्या."

बसली. आवाज न करता पदर ओला केला, बाकावर नारळ ठेवला आणि गेली. नारळाची आम्ही चटणी केली. चटणी वाटताना कोंडाबाई म्हणाली, "डोस्कं दुखणाऱ्या बायांची रांग लागलीय. आता गोळ्या मागवू नगा, येक सतरंजी मागवा."

सतरंजी मी खरंच मागवली.

सगुणा मात्र मिस्सेच्या दिवशी दाराशी बसायची आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायची नाही. पाप मनात असताना तो घेता येत नाही. आधी फादरांजवळ पापनिवेदन करायचं. फादर ऐकतात, प्रायश्चित्त सांगतात आणि देवाच्या नावानं माफी देतात. आणि ऐकलेलं पुन्हा कुणापाशी बोलत नाहीत, मान कापली तरी नाही. एवढं ऐकून तरी बाहेरच्या वाचकांनी आमच्या फादरांचा हेवा करावा. नर्सच्या पोटातही इतक्या गोष्टी राहत नाहीत.

शेवटी एका महिन्यात ती पापनिवेदनाला गेली. बाहेर आली ती सरळ माझ्याकडं.

"फादर म्हनलं, ह्येची माफी माज्या हातात न्हाय. बिशपास्नी इचारावं लागतंय. नाव न सांगता इचारतो म्हनलं. फुडल्या बारीला ये म्हनलं."

ते खरं होतं. चोरी, मारामारी, सासूला शिव्या, यांची माफी फादर जागच्या जागी देतात. गर्भपाताचं पाप बिशपांसाठी राखून ठेवलेलं असतं आणि त्यांची परवानगी मागवावी लागते. आमचे फादर तरुण, गोव्याकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे, नियमाला एक केसही इकडचा तिकडं न करणारे.

"म्हंजी माजं मोट्या हापिसात ग्येलंय," सगुणा म्हणाली. पण ती घाबरलेली नव्हती. तसबिरीकडं हनुवटी करून म्हणाली, "ह्यो हाय की भितीवर. ह्यो हाय तवर माजं नाव कटलं न्हाय."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं का, की भिंत वेगळी आणि देव वेगळा? सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते माझ्या कुठल्याही औषधानं आलेलं नव्हतं.

पुढच्या खेपेला फादर आले, पण उत्तर आलेलं नव्हतं. सगुणा म्हणाली, "येऊ दे की सावकास." पावसात पुलावरून पाणी गेलं आणि एक महिना फादरच आले नाहीत. ती माळ ओढत राहिली.

त्यानंतर ते आले त्या सकाळी मी आतल्या खोलीत होते. पायाळू मूल अडलं होतं आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मूल सुटलं, रडलं, मी हात धुऊन बाहेर आले, तर समोरची भिंत मोकळी. चुना काळवंडलेला, आणि मधोमध तसबिरीएवढा पांढरा चौकोन. वर खिळा.

फादर बाकावर बसून तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"हे काय?"

"वरून आज्ञा आली आहे, बाई. या रूपातली भक्ती सध्या चालवायची नाही. तसबिरी उतरवायच्या."

"का?"

"कारण मला कळवलेलं नाही."

"येशूच आहे ना तो?"

"येशूच आहे." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "फेकायची नाही. फक्त लावायची नाही. तुमच्या ट्रंकेत ठेवा."

माणूस वाईट नव्हता. तान्हं मूल दुपट्यात गुंडाळावं तशी त्यांनी ती गुंडाळली होती.

कोंडाबाईनं मला दाराआड ओढलं. "सगुणा येऊन ग्येली. उंबऱ्यातनंच भितीकडं बगितलं. म्हनली, कुणी काडली? म्या म्हनलं, फादरनं. तशीच मागं फिरली."

मिस्सा झाली. फादर माफी देतानाचा जांभळा पट्टा गळ्यात घालून पापनिवेदनाच्या खुर्चीवर बसले. दोघीतिघी म्हाताऱ्या जाऊन आल्या. मग कुणी नाही. फादर उठेनात.

"आणखी कुणी आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"आता तरी नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "कुणी यायचं राहिलं आहे का, बाई?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. परवानगी आली होती. ते नाव घेऊ शकत नव्हते, कुणाची वाट पाहतो आहे हेही सांगू शकत नव्हते. मी कोंडाबाईला वस्तीवर पिटाळलं. ती हात हलवत परत आली. "येत न्हाय म्हनली." दुपारची एस.टी. समोरून गेली. फादर हललेही नाहीत. ऊन उतरल्यावर त्यांनी पट्टा काढला, त्याची घडी केली आणि शेवटच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. सगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"फादर काल संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसले होते," मी म्हटलं. "कुणासाठी बसले असतील, सांग."

"बिशपाचं उत्तर आलं आसंल."

"तेच म्हणते मी."

"आन त्येच दिशी तसबीर उतरली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला लिवता येत न्हाय बाई, पर येवडं कळतंय. उत्तर काय आलं त्ये भितीवर बगितलं म्या."

"दोन्हीचा काही संबंध नाही गं. ती आज्ञा सगळ्यांना आहे."

"मंग सगळ्यास्नीच न्हाय म्हनला."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "तिला आता काय सांगू नगा, नर्सबाई. म्या सांगून दमले. माज्यामुळं झालं तर मला नरकात जाऊ द्या म्हनलं. तर म्हनती, आत्याबाई, तितं बी जागा इचारून मिळती."

मी शपथेवर सांगू शकत नव्हते, माफी आलीय म्हणून. मला ती कुणी दाखवली नव्हती. मी फक्त एका माणसाला खुर्चीवर बसलेलं पाहिलं होतं.

त्यानंतर सगुणा दवाखान्यात आली नाही. मिस्सेलाही नाही. दर महिन्याला फादर शेवटच्या गाडीपर्यंत थांबायचे. मी वस्तीवर निरोप धाडायची, निरोप तसाच परत यायचा. बाकीच्या बायकाही हळूहळू आटल्या. मोकळ्या भिंतीपुढं कोण बसणार? सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडाबाईनं खबर आणली, सगुणाला पुन्हा दिवस गेलेत. मी गेले. म्हटलं, या वेळी वेळेवर सोलापूरला जायचं, मी सोबत येते, सगळं मी बघते.

"ह्या बारीला म्या कायबी करणार न्हाय," ती म्हणाली. "म्हातारीकडं न्हाय, सोलापूरला न्हाय. त्येचं त्येनं घ्यावं."

तिच्या बोलण्यात भक्ती नव्हती आणि रागही नव्हता. बाजारात वस्तूचा भाव मान्य करून माणूस हात पुढं करतो, तशी ती बोलली. मी ओरडले. याकोबाला ओरडले. तो "बरं" म्हणाला.

दिवस भरत आल्यावर तिला आणली, तेव्हा रक्त सुरू झालेलं होतं. याकोब आणि गँगचे लोक बाजेवर घालून तिला घेऊन आले, भर दुपारी. ट्रकसाठी माणूस सडकेवर उभा केला. त्या दिवशी ट्रक थांबेना. मी कोंडाबाईला म्हटलं, ट्रंक उघड. वरच्या आज्ञेचा कागद मी काही वाचलेला नव्हता. कोंडाबाईनं सुतळी दातांनी तोडली आणि तसबीर खाटेच्या पायथ्याशी उभी धरली.

सगुणानं पाहिलं. "नगं," म्हणाली. "काडल्याली हाय ती."

"तुझी माफी आली होती गं," मी म्हटलं. शपथ नव्हती, तरी म्हटलं. "फादर त्या दिवशी तुझ्यासाठीच बसले होते. अजून बसतात."

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "मंग तसबीर का काडली?"

नाक्यावरच्या शिपायाला मी उत्तर दिलं होतं. म्हशीला, विहिरीला, पाटलाच्या सुनेला, सगळ्यांना माझ्याकडं उत्तर असायचं. मी म्हटलं, "जोर कर."

मुलगी झाली. जिवंत. मी तिथल्या तिथं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, सगुणाला दिसेल असं उचलून धरून, मोठ्यानं नाव घेऊन. सगुणाचे डोळे उघडे होते. तिनं पाहिलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रक्त काही केल्या थांबलं नाही. ट्रक आला तेव्हा ड्रायव्हरला मी परत पाठवलं.

फादर त्यांच्या दिवशी आले. वस्तीमागं दफनभूमीत गेले, ढिगाऱ्यापाशी उभे राहिले. मी शेजारी होते. मी विचारलं, "मग तसबीर का काढली, फादर?"

हे तिचे शब्द आहेत, हे त्यांना कळलं असावं. पण सांगता येण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि जे होतं ते सांगता येत नव्हतं. त्यांनी खिशातून जांभळा पट्टा काढला, हातात धरला आणि पुन्हा खिशात ठेवला.

मुलगी सासूनं वाढवली. शेळीच्या दुधावर, आणि जिद्दीनं. आता ती मैदानात पळते आणि माझ्या बाकांवर चिखलाचे पाय ठेवते. तसबीर ट्रंकेत आहे. आज्ञा अजून उठलेली नाही. भिंतीला दोनदा चुना दिला, तो चौकोन गेला. खिळा तेवढा मी काढू दिला नाही, कामाला येतो. त्यावर सलाईनची बाटली टांगते.

विहिरीवरून पडलेल्या बायका अजून येतात. परवा एक आली, लांबच्या खेड्यातली, कोवळी पोर. सुई शोधेपर्यंत ती भिंतीकडंच बघत होती.

"बाई, दोन धारांचा देव हितंच व्हता न्हवं?"

"होता," मी म्हटलं. "हात सरळ ठेव."